पाचवी अ ची पाचवी ब झाली त्याची हकिकत

ती. अक्का हिला,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलेला. प्रत्यक्ष वाकलो असतो तर तू पाय मागं घेऊन "केस कधी कापणार आहेस?" असं विचारलं असतंस. कापले. समोरून जरा जास्तच कापले.) तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण आळस नाही. रोज शाळेतून आल्यावर कागद पुढ्यात घेतो, "इकडे सगळं ठीक" एवढं लिहितो आणि तिथंच थांबतो, कारण मी खोटं लिहिलेलं तुला पाकीट फोडायच्या आधीच कळतं.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कटकट वाजतात की आता नुसतेच दुखतात? दाजींचा खोकला? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ते अजून सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडतात का? त्यांना म्हणावं, खिशातल्या गोळीनं खिसा बरा होतो, खोकला नाही. समोरच्या शिंपीणबाईंशी तुझं बोलणं सुरू झालं का, की अजून दोघी एकमेकींकडे पाठ करूनच कपडे वाळत घालता? मांजरीला पिल्लं झाली म्हणून लिहिलंस, ती सगळी वाटली गेली का? एखादं उरलं असेल तर आम्हाला नको, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी प्रकृती तशी बरी आहे. फक्त सकाळी डोळे उघडल्याबरोबर पोटात कुणीतरी ओलं फडकं पिळतंय असं वाटतं, ते शाळेची घंटा होईपर्यंत. तुझ्या भावजयीच्या मते हा आजार नाही, माझा स्वभाव आहे. (दवाखान्यात रक्त काढायच्या खिडकीवर बसून बसून तिचा पुरुषांवरचा विश्वास उडालाय. बाही वर करताना जे "आपल्याला काही वाटत नाही" म्हणतात तेच सुई बघून खुर्चीवरून घसरतात, असं ती सांगते, आणि सांगताना माझ्याकडे बघते.)

तर शाळेबद्दल. तुला एवढंच कळवलं होतं की टेकडीवरच्या शाळेत नोकरी लागली आणि घर मिळालं. कशी लागली ते कळवलं नव्हतं. या शहरात दोन शाळा होत्या, एक टेकडीवरची गोऱ्यांची आणि दुसरी पुलाखालची, आपल्या रंगाच्यांची. तसं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, पाणी उताराकडे जातं तशी आपली पोरं उताराकडे जायची. गेल्या वर्षी पुलाखालच्या शाळेचं छप्पर बसलं (सुट्टीचा दिवस होता, देवच पावला) आणि वरून हुकूम आला की ही पोरं टेकडीवर घ्या. घेतली. घेताना वाचनाची चाचणी घेतली, आणि चाळणीतून खडे पडावेत तशी सगळी ब तुकडीत पडली. चाचणीतला उतारा घोडेस्वारीवर होता. आपल्या पोरांनी घोडा पाहिलेला तो गाडीला जुंपलेला. "लगाम कुणाच्या हातात असतो?" या प्रश्नाला एकानं "मालकाच्या" असं लिहिलं, ते चूक धरलं.

मला मात्र पाचवी अ मिळाली, कारण माझी मुलाखत फोनवर झाली. मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळी शाळा त्यांना मोठ्या बाईच म्हणते) प्रमाणपत्रं टपालानं मागवली, फोटो मागवला नाही. तुझी भावजय म्हणते, माझा फोनवरचा आवाज गोरा आहे. मी तो मुद्दाम काढत नाही गं, फोन कानाला लावला की आपोआप येतो.

पहिल्या दिवशी नवा सदरा, तुझ्या भावजयीनं हट्टानं घ्यायला लावलेला टाय आणि काखेत पुस्तकं अशा थाटात मी फाटकाशी पोचलो. फाटकावरचा रखवालदार आपल्याच रंगाचा, माझ्याच वयाचा. मला वाटलं, आता हा छाती फुगवून सलाम ठोकणार. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पंपवाले ना? मागच्या दारानं." आता तुला माझं माहीतच आहे, कुणी ठामपणे बोट दाखवलं की माझे पाय आधी निघतात आणि डोकं मागून पोचतं. मी मागच्या दारानं गेलो. पंपाच्या खोलीत एक मिस्त्री जमिनीवर आडवा पडून कुणाची तरी वाटच बघत होता. तो म्हणाला, "धर." मी बॅटरी धरली. तो म्हणाला, "उजेड इकडं पाड." मी पाडला. घंटा झाली तेव्हा मी हळूच म्हणालो, "मला वर्गात जायचंय." त्यानं पंपाखालून डोकंही काढलं नाही. म्हणाला, "आधी हे होऊ दे, मग वर्गात काय गळतंय ते बघू."

अशा रीतीनं माझी शैक्षणिक कारकीर्द सुरू झाली, टायला ग्रीस लावून. रखवालदाराला मी नंतर विचारलं, बाबा रे, टाय बांधून पंप दुरुस्त करायला कोण येतं? तो फार ओशाळला. म्हणाला, "सर, इतकी वर्षं झाली, आपल्यातलं कुणी पुढून आत गेलेलं मी बघितलं नाही. मला वाटलं, नवीन कंपनी असेल, गणवेश असेल." त्याचं चुकलं असं मला म्हणवेना.

हे निस्तरतंय तोवर पालकसभा आली. त्या संध्याकाळी पाऊस होता. मी वर्गाच्या दारात स्वागताला उभा राहिलो (मोठ्या बाईंची सूचना होती, "हसतमुख राहा"). पहिले पालक आले. त्यांनी माझ्या हसतमुखाकडे पाहून ओली छत्री माझ्या हातात दिली आणि ते आत गेले. हातात दिलेली वस्तू परत कशी करायची, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. मागच्यांना वाटलं, छत्र्या इथंच द्यायच्या. बघता बघता माझ्या कवेत छत्र्यांची मोळी झाली, पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं, आणि आत सगळी मंडळी पोरांच्या चिमुकल्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून गुरुजींची वाट बघत बसली. एक वकीलसाहेब (यांना लक्षात ठेव, पुढं लागणार आहेत) घड्याळ बघून बाहेर आले. मला म्हणाले, "गुरुजी कुठं अडकलेत, बघता का जरा?" मी म्हणालो, "मीच!" छत्र्यांमधून आवाज नीट गेला नसावा. ते म्हणाले, "हो, तुम्हीच. पटकन बघून या."

शेवटी मी आत गेलो, मोळी टेबलावर ठेवली आणि फळ्यावर माझं नाव लिहिलं. अक्का, सगळ्यांचे गुडघे एकदम हनुवटीवरून खाली आले. नंतर सगळे एकदम गोड बोलायला लागले, त्यानं मला जास्तच घाम फुटला. एका बाईंनी माझं बोलणं किती शुद्ध आहे म्हणून कौतुक केलं. एका गृहस्थांनी विचारलं, मी मूळचा कुठला. मी आपल्या गावाचं नाव सांगितलं. "नाही, त्याच्याआधी?" म्हणाले. त्याच्याआधी मी आईच्या पोटात होतो, पण हे उत्तर मला घरी येऊन मोजे काढताना सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं गळायला लागली. रंगाचं नाव कुणी काढलं नाही हं, कुणीच नाही. एकाच्या डोळ्यांना माझ्या खिडकीचं ऊन सोसेना. एकीला शेजारच्या वर्गातल्या मैत्रिणीचा विरह सोसेना. वकीलसाहेबांच्या घरून चिठ्ठी आली की माझा आवाज खर्जातला असल्यामुळे मुलगा दचकतो. (हा मुलगा तास चालू असताना बाकाखाली शिरून कुत्र्यासारखा भुंकायचा. दचकायचो मी.) मोठ्या बाई दर वेळी मान तिरकी करून म्हणायच्या, "मनाला लावून घेऊ नका हं." मी मनाला न लावता घरी यायचो आणि जेवताना भिंतीकडे बघत बसायचो. तुझी भावजय समोरून ताट सरकवायची, मी भिंतीलाच विचारायचो, "उद्या कोण जाईल?"

ही सगळी जात कुठं होती, तर शेजारी, पाचवी ब मध्ये. तिथल्या बाई नवीनच लागलेल्या, गोऱ्या, स्वभावानं लोणी. त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. त्या गोष्ट सांगायला लागल्या की माझीही पोरं भिंतीला कान लावतात आणि मीही शिकवणं थांबवून फळा पुसायचं नाटक करतो. फक्त अपूर्णांकांना त्या फार घाबरतात. छेद समान करायची वेळ आली की मधल्या सुट्टीत वही घेऊन माझ्याकडे यायच्या, मी समजावून सांगायचो, आणि दुपारी तेच गणित माझ्याच शब्दांत भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. म्हणजे माझ्याकडून पळालेली पोरं माझंच गणित शिकत होती. ते भिंतीतून गाळून गेलेलं असलं की त्यांना पचत होतं.

होता होता त्यांच्या वर्गात पोरं खिडकीच्या कट्ट्यावर बसायला लागली आणि माझ्या वर्गात आवाज घुमायला लागला. तेव्हा मोठ्या बाईंनी जागेचा सदुपयोग म्हणून ब मधली आपली पोरं, पुलाखालून आलेली, माझ्याकडे बसवली. आणि एका सकाळी सुतार आला. त्यानं माझ्या दारावरची 'पाचवी अ' ही पाटी काढून शेजारच्या दाराला लावली आणि तिकडची 'पाचवी ब' माझ्या दारावर ठोकली. मी खुर्चीतून उठलोही नव्हतो. बसल्या जागी माझी तुकडी बदलली. "थोडी तिरकी बसलीय," सुतार म्हणाला, "चालेल ना?" मी म्हणालो, चालेल. (मी असंच म्हणतो. तू मला लहानपणी एकदा तरी नाही म्हणायला शिकवायला हवं होतंस.)

पाटीनं काय होतं, असं तुला वाटेल. तर वर्षाच्या शेवटी वरच्या विद्यालयाची प्रवेशपरीक्षा असते, तिला फक्त अ तुकडी बसवतात. (माझ्याकडून पळालेल्यांच्या आईबापांना पाटी मागोमाग येणार याची खात्रीच असावी.) ब तुकडी सरळ कामधंद्याच्या शाळेत जाते, पोरांच्या हातात रंधा आणि पोरींच्या पायाखाली शिवणयंत्र. दोन्ही चांगली कामं. आपले वडील जन्मभर रंध्यावर होते, पण त्यांना कुणी विचारून तिथं उभं केलं नव्हतं. प्रयोगशाळेचंही तसंच. वेळापत्रकात अ पुढं वार होते, ब पुढं लिहिलं होतं 'सोयीनुसार'. मी मोठ्या बाईंना विचारलं, सोयीनुसार हा कोणता वार? त्यांनी मान तिरकी केली. मी अर्ज दिला. मग त्या अर्जाची आठवण करून देणारा अर्ज दिला. मग वारंवार आठवण करून दिल्याबद्दल दिलगिरीचा अर्ज दिला.

अशात इस्त्रीवाली आली. ही आपल्यातलीच, पुलाच्या तोंडाशी हिचं इस्त्रीचं दुकान, टेकडीवरच्या निम्म्या घरांचे सदरे हिच्याकडे येतात. हिची पोरगी माझ्या वर्गात. तिला मी मनातल्या मनात प्रश्नचिन्ह म्हणतो, कारण तिचा हात खाली असा कधी नसतोच. सावलीला वजन असतं का, शून्याला शून्यानं भागलं तर काय बिघडतं, असलं काहीतरी विचारते. मी एकदा वैतागून म्हणालो, "मोठी झालीस की कळेल." तर म्हणाली, "तुम्ही तर झालात ना मोठे?" अशा पोरीची आई आली म्हणजे आभार मानायलाच, अशा समजुतीनं मी खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही.

"सर, पोरीला शेजारच्या वर्गात घाला."

अक्का, गोऱ्यांची पोरं गेली तेव्हा पोटात नुसतं पिळत होतं. हे ऐकलं आणि मी पुसलेली खुर्ची परत पुसायला लागलो. मी म्हणालो, "का हो? माझ्या शिकवण्यात काही..."

"शिकवणं चांगलंय. घरी येऊन ती मलाच शिकवते. राग मानू नका सर. तुमच्या वर्गात ती हुशार होईल. पण त्या वर्गात बसली तर लोक तिला हुशार समजतील. मला ते पाहिजे."

मी तिला पुष्कळ सांगितलं. आपणच आपल्या माणसावर विश्वास ठेवला नाही तर कुणी ठेवायचा, आपल्या पोरांनी आपल्यातला कुणीतरी फळ्यापाशी उभा बघायला नको का, वगैरे. चांगलं बोललो, आवाजही चढला. तिनं पदरानं कपाळ पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरंय सर. पण परीक्षेला बसवतात ते पाटी बघून, विश्वास बघून नाही." आणि गेली. मी त्या पुसलेल्या खुर्चीवर स्वतःच बसलो. तिचं काही चुकलंय का, हे मी तेव्हापासून शोधतोय. तुला सापडलं तर कळव.

उठलो तो तडक मोठ्या बाईंकडे. पोरीची बदली मागायची आणि मान खाली घालून परत यायचं, असं ठरवून गेलो होतो. तर तिथं मोठ्या बाईच रडवेल्या होऊन बसलेल्या. तपासणीचे साहेब येणार होते. एका वर्गात पोरं अजूनही कट्ट्यावर (आपली पोरं हलवूनही जागा पुरली नव्हती) आणि दुसऱ्यात बाक रिकामे हे त्यांनी पाहिलं तर एक तुकडी बंद होणार, एक शिक्षक कमी होणार. (कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही. मान तिरकी केली.) "कुणाला हलवा म्हटलं की माझ्यावर येतं हो," त्या म्हणाल्या, "पालक मला फाडून खातील." मी तोंड उघडलं ते त्या पोरीच्या बदलीसाठी, आणि बाहेर आलं, "चिठ्ठ्या टाका."

शपथ सांगतो अक्का, मी हे ठरवून बोललो नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे येतं ते त्यालाही पहिल्यांदाच ऐकू येतं. "दोन्ही वर्गांतल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या करा. परीक्षेला दोन्ही तुकड्या बसतील, प्रयोगशाळा दोघींना सारखी. मग कोण कुठं गेलं याचं कुणी काही म्हणायचंच नाही." मोठ्या बाईंनी कागद दाबायचा दगड उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला. मग एकच विचारलं, "म्हणजे माझ्यावर येणार नाही ना?" ही बाई दुष्ट नाही गं. भित्री आहे. मी त्या बाबतीत जाणकार आहे.

सभागृहात सगळ्या पालकांसमोर चिठ्ठ्या निघाल्या. एक नवी कोरी निळी बादली आणली होती, तिच्यावरचं दुकानाचं लेबलही कुणी काढलं नव्हतं. वकीलसाहेब उभे राहिले. म्हणाले, "शिक्षणासारखी गंभीर गोष्ट तुम्ही नशिबावर कशी सोडू शकता?" पुढच्या रांगांतून होकाराची कुजबुज झाली. तेवढ्यात मागून, उभ्या असलेल्यांतून (खुर्च्या पुढच्यांनाच पुरल्या होत्या) इस्त्रीवाली म्हणाली, "आमची आजवर नशिबावरच होती साहेब. एक वर्ष तुमचीही असू द्या."

कुणीतरी हसलं आणि ते लपवायला खोकलं. वकीलसाहेबांनी वळून पाहिलं. त्यांनी तिला ओळखलं असावं, कारण त्यांनी नकळत आपली कॉलर नीट केली आणि ते खाली बसले. शेजारच्या वर्गाच्या बाई एकेक चिठ्ठी काढून वाचायला लागल्या. मी बादलीवरचं लेबल नखानं सोलत उभा होतो. वकीलपुत्र माझ्या वर्गात निघाला. प्रश्नचिन्हही माझ्याच वर्गात. मी इस्त्रीवालीकडे बघायचं टाळलं, पण ती सभा संपल्यावर स्वतःच आली. म्हणाली, "बरं. प्रयोगशाळेचा वार कोणता, तो कागदावर लिहून द्या." मी लिहून दिलं, मंगळवार.

काही पालकांनी त्याच आठवड्यात शाळा सोडली. राहिले ते सकाळी फाटकाशी घोळक्यानं उभे राहायला लागले, आणि मी जवळून गेलो की एकदम हवेबद्दल बोलायला लागायचे. वर्गातही पोरं तेल आणि पाण्यासारखी बसली, गोरी खिडकीकडे आणि आपली दाराकडे. वकीलपुत्र बाकाखालून भुंकायचा आणि वर प्रश्नचिन्ह हात करून विचारायची की कुत्र्याला स्वतःचं भुंकणं ऐकू येतं का. मला वाटलं, मी हे काय करून बसलो.

आणि मंगळवारी प्रयोगशाळेला कुलूप. मी प्रत्येकाला घरून कांदा आणायला सांगितला होता, कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा म्हणून. सगळी पोरं हातात कांदे घेऊन बोळात उभी. शिपाई म्हणाला, "ब ला सोयीनुसार आहे, मला कुणी काही कळवलेलं नाही." मी मोठ्या बाईंकडे धावलो, त्या बाहेर गेल्या होत्या. परत आलो तर पोरांनी कांदे सोलायला सुरुवात केलेली, निम्मी रडतायत, आणि वकीलपुत्र शिपायाला विचारतोय, "पण का उघडणार नाही?" अक्का, त्याच्या तोंडावर जे आश्चर्य होतं, ते आपल्या एकाही पोराच्या तोंडावर नव्हतं. आपली पोरं नुसती कांदे धरून उभी होती. त्यांना ते कुलूप ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच प्रयोगशाळा सताड उघडी. शिपाई टेबलं पुसतोय, वेळापत्रकावर नवा कागद चिकटवलेला. वकीलसाहेबांचा एक फोन, बस. ते स्वतःही आले होते, लाल होऊन. "मुलांना कुलपासमोर उभं करतात म्हणजे काय! तुम्ही इतके दिवस तक्रार का केली नाहीत?"

"केली होती," मी म्हणालो.

"मग?"

"तुमच्यासारखा फोन करायला हवा होता. मी अर्ज दिले."

त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. मग म्हणाले, "त्या दिवशी... त्या छत्र्या," आणि वाक्य तिथंच टाकून निघून गेले. मला आनंद झाला का म्हणशील तर झाला. संताप आला का, तर आला. दोन्ही एकाच वेळी आत यायला निघाले आणि दारात अडकून बसले. जे आपल्या पोरांना सगळं वर्ष मागून मिळालं नाही, ते त्यांच्यात एक गोरं पोर उभं राहिल्याबरोबर एका रात्रीत मिळालं. मिळालं हे खरं. पोरांनी वापरावं हेही खरं. 

सूक्ष्मदर्शक थोडे, पोरं जास्त, म्हणून जोड्या लावल्या. प्रश्नचिन्ह आणि वकीलपुत्र एकाला. तो डोळा लावून बसला तो उठेचना. ती म्हणाली, "सरक ना, तुझ्या बापाचा आहे का?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "बाबांनीच उघडायला लावली प्रयोगशाळा." ती म्हणाली, "दार उघडलं असेल. कांदा माझाय." तो विचारात पडला, आणि सरकला. मग ती बघत होती आणि तो तिच्या कानाशी विचारत होता, "दिसल्या का विटा? भिंतीसारख्या?" ती म्हणाली, विटा कसल्या, जाळी आहे. यावरून दोघं तास संपेपर्यंत भांडली आणि तो एकदाही भुंकला नाही. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी होतं. कांदे भरपूर होते, त्यामुळे कुणाला सांगावं लागलं नाही.

तर असं आहे. परीक्षा तोंडावर आलीय आणि यंदा दोन्ही तुकड्या बसतायत. काही पालकांनी वरपर्यंत अर्ज केलाय की चिठ्ठ्यांचा हा खेळ पुढच्या वर्षी बंद करा. मोठ्या बाईंची मान आता त्या बाजूला तिरकी व्हायला लागलीय. काय होईल ते माहीत नाही. फडकं रोज पिळलं जातंय. शिंपीणबाईंशी बोल, दाजींना गोळी घ्यायला लाव. लोभ आहेच, रागही ठेव, त्याशिवाय तुझं पत्र येत नाही.

तुझा (अजून नोकरीत असलेला)
धाकटा

ता. क. सगळ्यांची खुशाली विचारली, मांजरीच्या पिल्लांचीसुद्धा, आणि जिची विचारायची तिची विचारली नाही, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसेल. माझी लेक तुझ्याकडे आहे. इथं आमचं बस्तान बसेपर्यंत म्हणून ठेवली होती, आता बसलं. तुझ्या पत्रात तू एकच गोष्ट विचारली होतीस, की शाळा उघडताना तिला पाचवीला तिकडं पाठवू का. अक्का, इतकं सगळं लिहिलं ते यासाठीच. नको पाठवू. निदान यंदा नको. तिथल्या शाळेत ती नुसती एक बडबडी मुलगी आहे. आजूबाजूला सगळ्यांचा रंग तिचाच, त्यामुळे आपल्याला रंग आहे हे तिला माहीतच नाही. इथं ते पहिल्या दिवशी कळेल. तिला सांग, बाबांचं घर फार लहान आहे. घर खरंच लहान आहे, तेव्हा ते खोटंही होणार नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं. (पाकिटावर पत्ता घालायला दिलं होतं, वाचायला नव्हे.) म्हणाली, "लोकांच्या लेकरांच्या चिठ्ठ्या बादलीत टाकल्यात, आणि आपली तेवढी वन्संच्या पदराखाली?" मी म्हणालो, तिला त्रास होईल गं. म्हणाली, "होईल. मी आहे ना इथं? वर्षभर मी तिचा आवाज फोनवर ऐकतेय. मला ती समोर पाहिजे." आणि आत जाऊन धुतलेली भांडी परत धुवायला लागली. तेव्हा वरचा ता. क. खोडला असं समज. पाठव.

ता. क. तिसरा. नुसती पाठवू नकोस, तू घेऊन ये. गुडघ्यांना म्हणावं, एवढा एक प्रवास. पहिल्या दिवशी तिला शाळेपर्यंत कुणी न्यायचं? तुझ्या भावजयीची सकाळची पाळी असते. मी नेली तर तिचा हात माझ्यानं सुटायचा नाही, तिला तशीच घरी परत आणीन. मला शाळेत तूच सोडलं होतंस. मी रस्ताभर भोकाड पसरलं होतं, आणि तू एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस. तेव्हा तुझा फार राग आला होता. तसंच कर. हात सोड आणि चालायला लाग. मी वर्गाच्या खिडकीत असेन. माझ्याकडेही बघू नकोस.